पंचगंगेच्या पायऱ्या, नाटकाचा पडदा आणि सिनेमाचा



गेले काही भाग आपण नाटकावरून केलेल्या सिनेमांबद्दल बोलतोय. या गप्पा आम्ही तिघे मित्र मारतो, हे नेहमीच्या प्रेक्षकांना माहीत आहेच. एक जण संगीत नाटकाचा वेडा. त्याच्या घरात बसायला जागा कमी आणि कॅसेटी जास्त. दुसरा पक्का सिनेमावाला. आणि तिसरा मी, दोघांच्या मध्ये इतिहासाची पुस्तकं घेऊन लुडबुड करणारा. 'कट्यार काळजात घुसली'वर बोलून झालं, कॅमेरा बंद झाला आणि नाटकवाल्या मित्राने विचारलं, "कट्यार पडद्यावर येते, चालते, मग 'पंडितराज जगन्नाथ' का नाही?"

सिनेमावाला म्हणाला, "येईल की. शेवटी गंगेचं पाणी पायरी पायरी वर चढताना दाखवायचं. आता कॉम्प्युटरवर ते सहज होतं."

"तेच तर नको आहे," नाटकवाला म्हणाला.

या 'तेच तर नको आहे'वर आमचे दोन तास गेले. आजचा भाग त्या दोन तासांतून निघालाय. मात्र त्या वादाला एक पत्ता आहे, तो आधी सांगतो.

काशीत मणिकर्णिकेच्या पुढे उत्तरेकडे नावेतून जायला लागलात, की मराठी माणसाला आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. शिंदे घाट लागतो, पुढे नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट, मग ग्वाल्हेरच्या राजाचा घाट. मग मंगळागौरीच्या देवळाखाली येतो बालाजी घाट, आणि त्याला लागून पंचगंगा. पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट, जिथे पिढ्यान् पिढ्या मराठी घरं नांदली. बालाजी घाट अठराव्या शतकातला, पेशव्यांच्या काळात बांधलेला आणि पुढे शिंद्यांकडे आलेला. नाव ऐकून अनेकांना बाळाजी विश्वनाथ किंवा बाळाजी बाजीराव आठवतात. तसं वाटणं साहजिक आहे, पण नावाचा मालक वरच्या देवळातला देव आहे. शेजारी पंचगंगेवर दगडी दीपस्तंभ आहे, हजार दिव्यांचा. तो अहिल्याबाईंचा म्हणून सांगतात.

बालाजी घाट आणि पंचगंगा हे दोन वेगळे घाट म्हणायचे ते नकाशापुरते. पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या शे-दोनशे पावलांत तीन माणसांच्या गोष्टी आहेत आणि तिन्ही पुढे नाटकात नाहीतर सिनेमात गेल्या. एक पैठणचा संत, एक आंध्रातला संस्कृत पंडित आणि एक बिहारमधून आलेला सनईवाल्यांच्या घरातला मुलगा. मी उलट्या क्रमाने जातो, कारण त्या मुलाची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

मुलाचं नाव अमीरुद्दीन. डुमरावात 1916 साली जन्मलेला आणि लहानपणीच मामांकडे काशीला आलेला. मामा देवळात सनई वाजवणारे. मुलगा मोठा झाला आणि रियाजासाठी रोज बालाजीच्या देवळात जाऊ लागला. ड्योढीवर, म्हणजे देवळाच्या दाराशी, बसून वाजवायचं. खाली गंगा, मागे बालाजी, आणि वाजवणारा पाच वेळा नमाज पढणाऱ्या घरातला. यात काही विशेष आहे असं तेव्हा तिथे कुणाला वाटत नव्हतं. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात विशेष वाटते. पुढे जगाने या मुलाला बिस्मिल्ला खाँ म्हणून ओळखलं.

आता यात सिनेमा कुठे आला? थेट त्या ड्योढीवरच आला. देवळात रोज वाजवल्याबद्दल त्याला एक अधेली मिळायची, म्हणजे आठ आणे. ती कमाई घेऊन हा पठ्ठ्या सिनेमाला जायचा. थर्ड क्लासचं तिकीट सहा पैसे. हातात कमाई नसेल तेव्हा दोन पैसे मामाकडून, दोन मावशीकडून, दोन आजीकडून. मग तिकिटाच्या रांगेत तासन् तास. आवडती नटी सुलोचना. आपल्याकडे सुलोचना म्हटलं की नऊवारीतल्या, आईच्या भूमिकांमधल्या सुलोचनाबाई डोळ्यांपुढे येतात. त्या वेगळ्या. ही मूकपटांच्या काळातली सुलोचना, मूळ नाव रुबी मायर्स, जन्म आपल्या पुण्यातला. म्हणजे बघा, गंगेकाठी सूर लावून मिळवलेले पैसे हा मुलगा आवाज नसलेल्या पडद्यावर उधळत होता.

अशा माणसाला सिनेमाने पुढे काय दिलं? 1959 साली विजय भट्ट यांचा 'गूँज उठी शहनाई' आला. विजय भट्ट म्हणजे 'बैजू बावरा'वाले. एका महोत्सवात त्यांनी खाँसाहेबांची सनई ऐकली आणि इतके भारले, की सिनेमाचं नावच वाद्यावरून ठेवलं. सनई अर्थातच बिस्मिल्ला खाँची. गाणी भरत व्यासांची. संगीतकार मात्र आपला माणूस: कुडाळजवळच्या सोनवड्याचे वसंत देसाई. प्रभातमध्ये पोरवयात शिरलेले, शांतारामबापूंबरोबर 'शकुंतला'पासून 'दो आँखें बारह हाथ'पर्यंत काम केलेले. 'गूँज उठी शहनाई' खूप चालला. त्यातली गाणी अजून लग्नाच्या मांडवात वाजतात. कुणाच्या सिनेमातली, हे वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

पडद्यावर सनई कोण वाजवतो? किशन. राजेंद्रकुमार. गावातला साधाभोळा सनईवाला किशन, त्याचं प्रेम, त्याची ताटातूट. सूर बालाजीच्या ड्योढीवरचा आणि चेहरा किशनचा.

इथे सिनेमावाल्या मित्राने मला थांबवलं आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता. "तो सिनेमा बिस्मिल्ला खाँचं चरित्र नव्हता. प्रेमकथा होती. नायक किशन असला म्हणून काय बिघडलं? दिलीपकुमारने पडद्यावर किती राम-शंकर केले!" बरोबर आहे. पार्श्वगायन ही आपल्या सिनेमाची रीतच आहे, आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे. सनईतही तेच झालं. तरीही मला चुटपूट लागते ती लागतेच. खाँसाहेबांच्या वाजवण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट राग नव्हता. कोण, कुठे बसून वाजवतो, ही ती गोष्ट होती. सिनेमाने राग घेतला, वाजवणारा आणि बसायची जागा तिथेच ठेवली. हिशेब केला तर घेतलं ते विकण्यासारखं होतं, ठेवलं ते विकायला अवघड होतं.

एक तुलना देतो. 1958 साली, म्हणजे एकच वर्ष आधी, सत्यजित राय यांचा 'जलसाघर' आला. ताराशंकर बंद्योपाध्यायांच्या कथेवरचा. त्यात बेगम अख्तर आहेत आणि बिस्मिल्ला खाँसुद्धा आहेत, प्रत्यक्ष पडद्यावर, स्वतःचं वाद्य हातात घेऊन. राय यांनी वाजवणाऱ्याला वाजवू दिलं आणि कॅमेरा समोर ठेवला. 'जलसाघर' गल्ल्यावर 'गूँज'च्या जवळपासही गेला नसेल. पण आज खाँसाहेबांना हलतं-बोलतं पाहायचं असेल, तर हा सिनेमा आणि गौतम घोष यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट हाताशी आहेत. 'गूँज' कितीही वेळा लावा, त्यात ते दिसायचे नाहीत. खाँसाहेब पुढे 'सनादी अप्पण्णा' या कन्नड सिनेमासाठीही वाजले, राजकुमार नायक असलेल्या. तिथेही सूर यांचा आणि चेहरा नायकाचा. मग सिनेमाच्या दुनियेतला कृत्रिमपणा आपल्याला मानवत नाही असं सांगून ते तिथून बाजूला झाले आणि काशीतच राहिले. सहा पैशांचं तिकीट काढणारा तो मुलगा सिनेमावर रुसला होता असं मला वाटत नाही. प्रेक्षक म्हणून त्याला सिनेमा हवाच होता. पलीकडच्या बाजूला जाऊन बसणं त्याला नको होतं, एवढंच.

आता वसंत देसाईंकडे परत येऊ, कारण पुढची गंमत त्यांच्यापाशी आहे. 'गूँज' 1959 चा. 1960 साली ललितकलादर्शने विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' रंगभूमीवर आणलं. भालचंद्र पेंढारकरांची संस्था आणि संगीत वसंत देसाईंचं. म्हणजे त्याच पायऱ्यांवरून उचललेल्या दोन गोष्टींना एकाच संगीतकाराने लागोपाठच्या दोन वर्षांत चाली दिल्या. एक मुंबईच्या स्टुडिओसाठी, एक मराठी नाटकाच्या थिएटरसाठी. बालाजी घाट आणि पंचगंगा डोक्यात ठेवून त्यांनी हे केलं असं मी म्हणत नाही. योगायोगच आहे. पण इतका सोयीचा योगायोग इतिहासाच्या माणसाला रोज मिळत नाही, तेव्हा मी तो सोडणार नाही.

जगन्नाथाची कथा बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. गोदावरीकाठचा तेलुगू ब्राह्मण, शाहजहानच्या दरबारात गेला, 'पंडितराज' ही पदवी मिळाली. 'रसगंगाधर' हा त्याचा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. आख्यायिका अशी की दरबारात असताना लवंगी नावाच्या मुसलमान तरुणीवर त्याचं मन बसलं आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. म्हातारपणी काशीला आला, तर तिथल्या पंडितांनी त्याला वाळीत टाकलं. मग तो लवंगीला घेऊन पंचगंगेच्या वरच्या पायरीवर बसला आणि गंगेची स्तुती म्हणू लागला. पायऱ्या 52, श्लोक 52. दर श्लोकाला पाणी एक पायरी वर चढायचं. शेवटच्या श्लोकाला गंगा त्यांच्या पायांशी आली आणि दोघांना घेऊन गेली. ते स्तोत्र म्हणजे 'गंगालहरी'. आपल्याकडे कितीतरी घरांत गंगा दशहऱ्याला ती अजून म्हटली जाते, आणि म्हणणाऱ्या आजीला विचारलंत तर लवंगीचं नाव कदाचित माहीतही नसेल.

इतिहास म्हणून यातलं किती टिकतं? 'गंगालहरी' त्याची, दरबार खरा, पदवी खरी. लवंगीचा उल्लेख असलेले काही श्लोक त्याच्या नावावर फिरतात, पण त्यांच्यावर ठाम पुरावा म्हणून भिस्त ठेवता येत नाही. कथेत अप्पय्य दीक्षितही येतात. घाटावर लवंगीसह झोपलेल्या जगन्नाथाला ते झापतात, वगैरे. पण अप्पय्य दीक्षित सोळाव्या शतकाच्या अखेरीस वारले, आणि शाहजहान गादीवर आला 1628 साली. ही भेट व्हायची कशी? मग कथेने त्यांना का ओढून आणलं? कारण जगन्नाथाने अप्पय्यांच्या 'चित्रमीमांसा' या ग्रंथाचं खंडन लिहिलं होतं, आणि तेही चांगलं झोंबरं. पोथीतलं भांडण लोकांनी घाटावर आणून बसवलं. नाटककार जे करतो तेच लोकांनी आधी करून ठेवलं होतं. दोन ग्रंथांतला वाद ऐकायला कोण थांबणार? दोन माणसं पायरीवर समोरासमोर आणली की लोक थांबतात.

मराठी संगीत नाटकाला ही कथा का भावली असेल ते सांगायला नको. इथे गाणं हेच कृत्य आहे. एरवी नाटकात पद येतं तेव्हा गोष्ट थांबते, पद संपलं की पुढे जाते. इथे श्लोक म्हटला नाही तर पाणी चढणार नाही. गाणं थांबलं तर गोष्टच थांबली. आणि रंगमंचावर तर गंगा आणता येत नाही. रंगवलेला घाट मागे, दोन-चार लाकडी पायऱ्या पुढे, बाकीची गंगा गाणाऱ्याच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यातून यायची. वसंत देसाईंनी या नाटकातल्या गंगास्तुतीच्या पदाला जी चाल दिली, ती अजून गाण्याच्या बैठकांत ऐकायला मिळते.

नाटकवाल्या मित्राचं 'तेच तर नको आहे' हे इथलं. तो म्हणाला, "प्रेक्षागृहात पाणी मी चढवतो. माझ्या खुर्चीत बसून. सिनेमात तू मला चढलेलं पाणी दाखवणार. मग मी काय करू? पाणी खरं वाटतंय का, ते बघत बसू?"

सिनेमावाला हार मानणाऱ्यांतला नाही. त्याने 1946 चा तमिळ 'लवंगी' काढला. वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शित केलेला, स्वतः भूमिका केलेला, याच जगन्नाथ आणि लवंगीच्या कथेवरचा. "आपलं नाटक यायच्या 14 वर्षं आधी ही कथा पडद्यावर येऊन गेली होती," तो म्हणाला. "आणि नाव बघ. तिकडे सिनेमा 'लवंगी', इकडे नाटक 'पंडितराज जगन्नाथ'."

याला आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. नावावरून सगळं ठरत नाही, पण काहीतरी ठरतंच.

माझी अडचण वेगळीच होती, थोडी मास्तरकी छापाची. सिनेमाला पार्श्वभूमी लागते. कॅमेरा घाटावर लावला की मागे काय दिसणार? आज पंचगंगेवर गेलात तर वर आलमगीर मशीद दिसते. जुन्या चित्रांत तिचे उंच मिनार ठळक आहेत. काशीतले लोक त्यांना माधोरायचा धरहरा म्हणायचे. पण जगन्नाथ शाहजहानच्या काळातला. तेव्हा तिथे बिंदुमाधवाचं मोठं देऊळ उभं होतं. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने 1665 च्या सुमारास ते पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. ते पाडून मशीद झाली ती त्यानंतर, औरंगजेबाच्या काळात. म्हणजे आजच्या घाटावर जाऊन शूटिंग केलं तर चूक. बालाजी घाटही काढून टाकावा लागणार, तो आणखी पुढचा. दीपस्तंभ काढा, मराठ्यांचे वाडे काढा. दिग्दर्शकाला दर चौकटीत निर्णय घ्यावा लागतो: काय दाखवू, काय झाकू. मागे देऊळ दाखवलं तरी प्रेक्षकाच्या मनात आजचं काहीतरी येणार, मशीद दाखवली तर अजून काही येणार. आणि समोर कोण बसलंय? हिंदू पंडित आणि त्याची मुसलमान बायको. 1960 च्या रंगमंचावर रंगवलेला पडदा टांगला की हा प्रश्न मिटत होता. पडद्यावरच्या घाटाला कुणी विचारत नाही की तू कुठल्या सालातला.

आता तिसरी गोष्ट, सगळ्यात जुनी. एकनाथ महाराज. पैठणला भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली. परंपरा सांगते की संस्कृतातलं भागवत मराठीत आणलं म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब द्यायला बोलावलं. ते गेले आणि उरलेला ग्रंथ तिथेच, पंचगंगेच्या परिसरात, पुरा केला. शके 1495, कार्तिकी पौर्णिमा. म्हणजे 1573. पंडित आधी चिडले, मग ग्रंथ ऐकून त्यांनीच त्याची मिरवणूक काढली, असं सांगतात.

या एकनाथांवर 1935 साली प्रभातने सिनेमा काढला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते झालं 'धर्मात्मा'. सेन्सॉर अगदीच भाबडा होता असंही नाही. सिनेमातले एकनाथ अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवतात, त्यावरून वाळीत टाकले जातात, पोटचा मुलगा दुरावतो आणि शेवटी काशीच्या शास्त्र्यापुढे उभं राहावं लागतं. 1935 च्या प्रेक्षकाला हे सोळाव्या शतकातलं वाटत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता.

आणि एकनाथ कोण? बालगंधर्व.

इथे नाटकवाल्या मित्राचा चेहरा पडतो, दर वेळी. कारण बालगंधर्वांचं हे पडद्यावरचं पाऊल चुकलं असं तो मानतो, आणि तसं मानणारा तो एकटा नाही. उभ्या महाराष्ट्राने ज्या माणसाला शालूत पाहिलं, सिंधू म्हणून पाहिलं, भामिनी म्हणून पाहिलं, त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी धोतर-उपरण्यातल्या संताच्या रूपात बघायला लोक फार रमले नाहीत. प्रभातशी झालेली भागीदारी एका सिनेमातच संपली. मग 1937 साली बाबूराव पेंटरांनी 'साध्वी मीराबाई' केला. तो तर 'अमृतसिद्धी' हे नाटकच पडद्यावर आणलेलं, बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेशात. तोही रुचला नाही. ('अमृतसिद्धी' लिहिलं वसंत शांताराम देसाई यांनी. ते नाटककार वेगळे आणि आपले सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई वेगळे. आज नावांचे घोळ फार झालेत.)

म्हणजे पुरुष केला तरी नाही, बाई केली तरी नाही. मग अडलं कुठे? वयाचं कारण सांगतात, कॅमेऱ्याला जवळून चेहरा दिसतो ते सांगतात. दोन्ही खरंच. पण मला वाटतं, अडलं 'वन्स मोअर'पाशी. बालगंधर्वांचं पद म्हणजे प्रेक्षकांशी केलेला सौदा होता. तिकडून 'वन्स मोअर' आला की इकडून तेच पद वेगळ्या जागा घेत पुन्हा. परत 'वन्स मोअर', परत पद. रात्र सरायची. ऐकणाऱ्याला माहीत असायचं की आपण ओरडलो म्हणून हे गाणं वाढलं. सिनेमाच्या रिळात गाणं काही मिनिटांचं. कितीही ओरडा, पडद्यावरचा माणूस ऐकत नाही. त्या खेळातही ओरडणारे कुणी असतील तर त्यांच्यासारखी केविलवाणी माणसं दुसरी नसतील.

'पंडितराज'ला हेच लावून बघा. श्लोकागणिक पाणी चढतं ही कल्पनाच मुळी 'वन्स मोअर'ची आहे. आणखी एक म्हण, आणखी एक पायरी. थिएटरात बसलेला माणूस एका अर्थी गंगेच्या जागी असतो. त्याला भरून आलं तर पाणी चढलं.

एक मात्र नाटकवाल्याला मान्य करावं लागलं. गल्ला बाजूला ठेवला तर 'धर्मात्मा'ने जे दाखवलं ते त्या काळात रंगभूमीने क्वचितच दाखवलं. अस्पृश्याच्या घरातली चूल, ताट, वाढणारी लहान मुलगी, जेवणारा ब्राह्मण, हे सगळं जवळून. नाटकात हे शब्दांत सांगता येतं, दूरवरून दाखवता येतं. पण ताटातला घास तोंडाकडे जातोय, आणि तो मोठ्या पडद्यावर शेकडो माणसं एकदम बघतायत, याने जे होतं ते पदाने होत नाही. कॅमेऱ्याने इथे काही झाकलं नाही. वाळीत टाकण्याचं कारण त्याने मधोमध ठेवलं.

हे लक्षात आलं आणि आमचा वाद जरा सरकला. नाटक मोठं की सिनेमा मोठा, यावर भांडण्यात तसाही अर्थ नव्हता. आम्ही तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. तिन्हींमध्ये काशीच्या घाटावर एक असा माणूस आहे, ज्याच्या तिथे असण्याला कुणीतरी हरकत घेऊ शकतो. एकनाथ मराठीत लिहितो आणि नको त्या घरी जेवतो. जगन्नाथाची बायको मुसलमान. बिस्मिल्ला खाँ मुसलमान आणि देवळाच्या दारात वाजवतो. पहिल्या दोघांना घाटाने अडवलं, असं कथा सांगतात. तिसऱ्याला अडवलं नाही, हा कथेचा नाही, हल्लीच्या इतिहासाचा भाग. पडद्याने मात्र उलटं केलं. 1935 मध्ये अडवलेल्या एकनाथाला आत घेतलं. 1959 मध्ये घाटाने न अडवलेल्या माणसाला चौकटीबाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी किशनला उभं केलं. हे कुणी कट करून केलं असं मला मुळीच वाटत नाही. तसं केलं असतं तर बोलणं सोपं होतं. कुणाला जाणवलंही नाही, म्हणून ते जास्त बोचतं.

मग 'कट्यार'चं काय? पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक 1967 चं, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. 2015 चा सिनेमा सुबोध भावेंचा. ज्यांनी चार वर्षांपूर्वी 'बालगंधर्व' सिनेमात बालगंधर्व उभे केले होते, तेच. त्यांनी काय केलं? पंडितजींना शंकर महादेवन यांच्या रूपाने मोठी जागा दिली, मागची सगळी हकिगत डोळ्यांसमोर आणली. आणि खाँसाहेबांना खाँसाहेबच ठेवलं, सचिन पिळगावकरांच्या चेहऱ्याने. सिनेमावाल्या मित्राला हा विस्तार हवा होता असं वाटतं. नाटकवाल्याला वाटतं की नाटकात खाँसाहेबांबद्दल जी शंका रेंगाळते ती सिनेमाने पुसून टाकली, सगळं समजावून सांगितलं. माझं मत नाटकवाल्याकडे झुकतं, पण अर्धंच. कारण सिनेमा पाहून बाहेर आलेल्या तरुण पोरांनी दुसऱ्या दिवशी वसंतरावांचं ध्वनिमुद्रण शोधून ऐकलं, हे मी स्वतः पाहिलंय. किशनचा सिनेमा पाहून किती जण बालाजीच्या ड्योढीपर्यंत गेले असतील?

भालचंद्र पेंढारकर ऑगस्ट 2015 मध्ये गेले. 'कट्यार'चा सिनेमा त्याच नोव्हेंबरात आला. वसंत देसाई कधीच गेले होते, 1975 साली, मुंबईत लिफ्टच्या अपघातात. तेव्हा 'पंडितराज' पडद्यावर आणावं का, हे ज्यांना विचारायचं त्यांना आता विचारता येणार नाही. म्हणून मी दोघा मित्रांनाच विचारलं: समजा, काढायचाच आहे. शेवटचा प्रसंग कसा घ्याल?

सिनेमावाल्याने बराच विचार केला. म्हणाला, पाणी दाखवणार नाही. कॅमेरा लवंगीवर. तिला संस्कृत येत नाही असं समजू. नवरा काय म्हणतोय ते तिला कळत नाही, पाणी कुठपर्यंत आलंय तेवढं तिलाच दिसतंय. आपण तिच्याकडे बघायचं.

नाटकवाला म्हणाला, "मग 52 श्लोक पुरे होऊ देशील?"

"नाही. एवढी रीळ कोण देणार?"

"बघ," नाटकवाला म्हणाला, आणि परत पहिल्यापासून सुरू झालं.

पुढच्या भागात 'घाशीराम कोतवाल'. त्याचा 1976 चा सिनेमा, जो युक्त या सहकारी संस्थेतल्या तरुणांनी मिळून केला, आणि रंगमंचावरची ती माणसांची भिंत कॅमेऱ्यापुढे आली तेव्हा तिचं काय झालं, यावर. नाटक वाचलेलं नसेल तर आठवडाभरात वाचून ठेवा. नाही तर नाटकवाला मित्र मध्येच संवाद म्हणायला लागेल आणि त्याला आवरणं माझ्या हातात नसतं.